डाग पुसणारे मामा

“हनुवटी जरा खाली. नजर इकडं. श्वास धरा.”

समोरच्या माणसाने पाय पुढे केलेला असो की पाठ, मामांचे हे तीन हुकूम ठरलेले. एकदा भेगाळलेल्या टाचांचा एक म्हातारा खरोखरच श्वास धरून बसला. मोबाईलचा फोकस काही लागेना. म्हातारा लालबुंद झाला आणि शेवटी भडकला, “आरं, टाच हाय ती! ती कवा श्वास घेती?” बाहेरच्या बाकावरची माणसे हसली. मामा हसले नाहीत. “मानूस हलला की टाच हलती, बाबा,” असे म्हणून त्यांनी पुन्हा फोटो घेतला.

दवाखान्यात वयाने मोठा पुरुष कर्मचारी म्हणजे मामा, बाई म्हणजे मावशी आणि नर्स म्हणजे सिस्टर, हे तुम्ही कुठल्याही दवाखान्यात पाहिले असेल. कर्जत तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचे केंद्र होते. मी तिथली सिस्टर. दोन खोल्या, एक हिरवा पडदा, एक टेबल आणि टेबलावर टीव्हीएवढा स्क्रीन. त्वचेचा डॉक्टर नगरला. तिथे जायचे म्हणजे एसटीत अर्धा दिवस आणि एक रोजगार बुडवायचा. म्हणून लोक मेडिकलवाल्याकडची ट्यूब महिनोन् महिने चोळत बसायचे आणि कातडी कागदासारखी पातळ झाली की मग रडायचे. आमची पद्धत सोपी होती. सकाळी डागांचे, चट्ट्यांचे, फोडांचे फोटो काढून नगरला पाठवायचे आणि दुपारी डॉक्टरबाई स्क्रीनवर येऊन एकेकाशी बोलायच्या.

पहिले काही आठवडे फोटो मी काढत होते. मी कामाची बाई आहे. यादीशिवाय माझा दिवस सुरू होत नाही आणि यादीत खाडाखोड मला खपत नाही. पण फोटो काढणे मला जमले नाही. डॉक्टरबाई म्हणायच्या, “सिस्टर, हे गजकर्ण आहे की चपाती?” मग गावात चौकशी केली आणि मामा सापडले.

एसटी स्टँडसमोर त्यांचा स्टुडिओ होता. मागे काश्मीरचा तलाव रंगवलेला पडदा, पुढे लाकडी स्टूल. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या त्या स्टुलावर बसून स्थळांकडे गेल्या होत्या. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि मामांकडे पासपोर्टचे फोटो तेवढे उरले. केंद्रावर येताना ते थर्माकोलचा पांढरा पत्रा आणि धुतलेली पांढरी चादर घेऊन आले. चादर खाली अंथरली, पत्र्याने खिडकीचा उजेड वळवला आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, “आज फोटो कोणी काढलेत?”

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, “या मुलीला वांग आहे असे लिहिलेय. कुठे आहे?”

मी स्क्रीनवर पाहिले. मुलीचा चेहरा चंद्रासारखा स्वच्छ. खोलीत खुर्चीवर बसलेल्या त्याच मुलीच्या दोन्ही गालांवर काळपट वांग. मी मामांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते.

“पोरगी रडत हुती, सिस्टर. म्हनलं, जरा बरी दिसू द्या.”

“मामा, इथे बरे दिसायचे नसते.”

“व्हय,” ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, “आख्खी हयात डाग काढन्यात गेली. आता दाखवायचा पगार घ्यायचा.”

नंतर त्यांनी एकाही फोटोला हात लावला नाही. पण माणसांची लाज त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळायची. बाया पहिला प्रश्न विचारायच्या तो आजाराचा नसायचा. “फोटो कुटं कुटं फिरतो ओ?” हा असायचा. मामा चेहऱ्यावर टॉवेल टाकायला सांगायचे, फक्त चट्टा घ्यायचे आणि फोटो नगरला गेला की त्यांच्यासमोर मोबाईलमधून पुसायचे. “ही बघा. गेला. आता माज्याकडं बी न्हाई.” एका आजीने तर पुसलेला फोटो परत मागितला. तिचा तो आयुष्यातला पहिलाच रंगीत फोटो होता आणि तो होता तिच्या पाठीवरच्या नागिणीचा.

एवढ्यावर थांबता आले असते तर हा एका गमतीशीर माणसाचा किस्सा झाला असता.

केंद्राला वर्ष होत आले तेव्हा चौकातला हॉटेलवाला दाखवायला आला. मांडीवर फिकट चट्टा, खाज नाही, दुखणे नाही. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवरून मला सांगितले तशी मी तपासणी केली. त्याला डोळे मिटायला लावले, कापसाची वात चट्ट्याला लावली आणि जिथे कळेल तिथे बोट ठेवायला सांगितले. चांगल्या कातडीवर तो बरोबर बोट ठेवत होता. चट्ट्यावर नाही. कुष्ठरोग. डॉक्टरबाईंनी त्याला नीट समजावले, गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. तो मान डोलावत होता. मामा पडद्याशेजारी उभे राहून सगळे ऐकत होते.

मग नियमाप्रमाणे आरोग्य कर्मचारी घरच्यांना तपासायला त्याच्या घरी गेला. गावात एखाद्याच्या दारात आरोग्य खात्याची गाडी उभी राहिली की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. महिन्याभरात हॉटेलातली बाकडी रिकामी झाली. मामा मुद्दाम रोज तिथे जायचे आणि मलाही न्यायचे. आम्ही दोघे चहा प्यायचो आणि रस्त्यावरून जाणारे आमच्याकडे बघायचे. हॉटेलवाल्याने गोळ्या नियमित खाल्ल्या. चट्टा गेला. हॉटेलही गेले. एका सकाळी शटर उघडलेच नाही आणि तो बायकोपोरांना घेऊन चाकणकडे गेल्याचे कळले.

“रोग गोळीनं गेला, सिस्टर,” मामा त्या दिवशी म्हणाले. “हॉटेल कशानं यील?”

बाहेर रांग होती. मी पुढचे नाव पुकारले.

मामांना एकच मुलगी, अश्विनी. बायको लवकर गेलेली. पोरीला त्यांनीच वाढवले, वेण्या घातल्या, बारावीपर्यंत शिकवले. त्या हिवाळ्यात तिचे लग्न ठरले. भीमेकाठची बागायतदार माणसे, मुलगा कारखान्यावर नोकरीला. मामा केंद्रावर पेढे घेऊन आले. स्थळाला पाठवलेला फोटोही दाखवला. “ह्यो मात्र जसाच्या तसा हाय. कायसुदिक काढलं न्हाई,” ते अभिमानाने म्हणाले.

पंधरवड्याने त्यांनी रुग्णांच्या यादीत स्वतःचे नाव घालायला सांगितले.

“काय झाले?”

“हातावर डाग हाय. कोपराखाली. फोटो घरीच काढून आनलाय.”

फोटो नेहमीसारखाच चोख होता. गव्हाळ कातडी, मधोमध फिकट, कोरडा चट्टा. मी म्हटले, “बाही वर करा, बघू.” ते म्हणाले, “राहू द्या की. फोटो हाय न्हवं? आनि कापसाची तपासनी केली मी घरी. समदं कळतंय.” बाहेर बाजारादिवशीची गर्दी होती. डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला, स्पर्श कळतोय म्हटल्यावर एक मलम लिहून दिले आणि बजावले, “मामा, पण हे हाताने तपासायला हवे. कोपराची नस चाचपून बघायला हवी. तुम्ही नगरला या.”

“येतो की,” मामा म्हणाले.

ते गेले नाहीत. लग्नाची गडबड होती, तेही खरेच होते. त्याऐवजी ते फोटो आणत राहिले. सकाळच्या उन्हातला, सावलीतला, कडेने उजेड टाकून काढलेला. मी फोटो काढायला लागले की चपात्या निघायच्या. या माणसाने एका चट्ट्याचे असे फोटो काढले होते की त्यावर बोट फिरवावेसे वाटावे. डॉक्टरबाई दर वेळी एकच सांगायच्या, “फोटो उत्तम आहे. पण मला हात पाहिजे.” आणि मामा दर वेळी पुढच्या वेळी आणखी चांगला फोटो आणायचे.

वैशाखात लग्न झाले. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. अश्विनी सुंदर दिसत होती. तिच्या पोलक्याच्या बाह्या कोपराच्या खालपर्यंत होत्या. उन्हाळा कडक होता, पण नवरीचे कपडे कोण मोजून बघतो?

श्रावणात पंचमीला ती माहेरी आली. त्याच आठवड्यात मामांनी पुन्हा स्वतःच्या नावाने फोटो दिला. चट्टा वाढला होता आणि शेजारी दुसरा उठला होता. दुपारी डॉक्टरबाई स्क्रीनवर आल्या. बराच वेळ त्या फोटो मोठा करून बघत राहिल्या.

“सिस्टर, मामा आहेत का तिथे?”

“बाहेर पेशंट घेतायत.”

“या फोटोला खालच्या कडेने हिरवी झाक आलीय. मामांच्या फोटोला अशी झाक कधी येत नाही. आणि साठीच्या माणसाचा हात आहे हा? एक केस पांढरा नाही.”

मी वाकून पाहिले. कातडीवर खालच्या बाजूने हिरवा उजेड पडला होता, अगदी फिका. पंचमीला माहेरी आलेल्या पोरी कासाराकडे बसून हातभर हिरव्या बांगड्या भरून घेतात. काचेच्या बांगड्या एकदा भरल्या की सवाष्ण त्या उगाच उतरवत नाही. बापाने फोटोतून बांगड्या कापल्या होत्या. उन्हात त्यांचा पडलेला रंग कापता आला नव्हता.

मी मामांना आत बोलावले आणि दार लावले. “बाही वर करा.”

त्यांनी केली. दोन्ही हात स्वच्छ होते. ते पेशंटच्या स्टुलावर बसले.

“अश्विनीचा?”

त्यांनी मान डोलावली.

“मामा, तुम्ही रोज बघता. गोळी घेतली की बरा होतो, हे तुमच्यासमोर इथे कितीदा सांगितलेय?”

“गोळीचं म्हाईत हाय मला. हॉटेलाचं बी म्हाईत हाय.” मग घाईने म्हणाले, “पन त्यो न्हाई, सिस्टर. कापूस लावला हुता मी. तिला समदं कळत हुतं. द्येवाशपथ.”

“आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला.”

ते तिला स्कूटरवरून घेऊन आले. ती पडद्याआड बसली. बाहेरच्या बाजूला मामा उभे होते. पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत होत्या. डॉक्टरबाई स्क्रीनवर होत्या. मी अश्विनीला डोळे मिटायला सांगितले. तिने मिटले. मला काय वाटले कोण जाणे, मी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

“कापूस लागला की तिथे बोट ठेव, बाळ.”

दंडावर लावला, तिने बोट ठेवले. तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला लावला, ठेवले. मग चट्ट्यावर लावला. ती स्वस्थ बसून राहिली. दुसऱ्या चट्ट्यावर लावला. करंगळीच्या कडेने खाली उतरत गेले. कापूस तिच्या करंगळीच्या टोकावर टेकलेला होता आणि ती मान थोडी तिरकी करून वाट बघत होती.

“लावा ना, सिस्टर,” ती म्हणाली. “कवा लावताय?”

पडद्याखालच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.

डॉक्टरबाईंच्या सांगण्याप्रमाणे मी तिच्या कोपरामागची नस चाचपली. सुतळीसारखी जाड लागली. बोटांच्या बेचक्यात कागद धरायला दिला. तो नुसता ओढताच निसटला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आधीच थोडे वाकायला लागले होते. सासरी ती म्हणायची, हाताला मुंग्या येतात, धुण्याने येत असतील. तव्यावरून भाकरी काढताना दोनदा भाजले होते. “पन दुखलं न्हाई जास्त,” ती मला म्हणाली, जणू तेवढे तरी बरे झाले.

मी विचारले, “मग वडिलांनी कापूस लावला तेव्हा कसे कळले गं?”

“बोटांच्या फटीतनं बघत हुते मी,” ती म्हणाली. “लगीन जमलं हुतं ना.”

हे तिने हळू सांगितले. पण आमच्या खोलीतला पडदा कापडाचाच होता.

दुसऱ्या दिवशी तिला नगरला नेले. कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या, नसेची सूज उतरवायच्या वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या, बोटांचे व्यायाम सुरू झाले. डॉक्टरबाईंनी मामांना दोष दिला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की रोग जाईल. नस किती परत येईल ते आता सांगता येणार नाही. पहिल्या फोटोच्या वेळी सांगता आले असते. मामांनी विचारले, “आनि बोटं?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “प्रयत्न करू.” डॉक्टर असे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते केंद्रावर इतके दिवस ऐकून मामांना चांगले ठाऊक होते.

सासरच्यांना सांगावेच लागले, कारण त्यांचीही तपासणी करायची होती. सासू फोनवर मला म्हणाली, “सिस्टर, पोरगी लाख मोलाची हाय. आमचं काय म्हननं न्हाई तिच्याबद्दल.” आठ दिवसांनी अश्विनीची पेटी टेम्पोने परत आली. नवरा एकदा येऊन गेला. मोटारसायकलवरून उतरला नाही. तिने पाणी आणले तेव्हा म्हणाला, “नको, आत्ताच प्यालो.” आणि गेला.

गावात कळायचे ते कळलेच. केंद्रावर एक बाई आपल्या मुलाच्या खरजेचे दाखवायला आली होती. मामांनी मुलाचा हात धरून चादरीवर ठेवला तशी तिने तो हिसकावून घेतला. “सिस्टरच काढतील फोटो,” ती म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे सुनावले. ज्या माणसाने तुमचे पू आलेले पाय मांडीवर घेतले त्याला असे बोलता, वगैरे. मामा म्हणाले, “राहू द्या.” त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. चादरीची घडी घातली, थर्माकोलचा पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. “उद्यापासनं येत न्हाई मी. पत्रा ऱ्हाऊ द्या, तुमाला लागंल.”

मी खूप समजावले. मी कामाच्या गोष्टी नीट सांगू शकते. कोणती गोळी कधी, कोणता कागद कुठे. पण माणूस मान खाली घालून चादरीची घडी घालत असतो तेव्हा काय सांगायचे, ते मला येत नाही.

त्यांनी स्टुडिओ विकला आणि नगरला दवाखान्याजवळ राहता यावे म्हणून केडगावला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आमच्या केंद्रावर आता एक मुलगी फोटो काढते. नवा मोबाईल आहे, फोटो बरे येतात. पेशंटला श्वास धरायला कोणी सांगत नाही. डॉक्टरबाईंनी नवा नियम केला आहे. फिकट चट्ट्याचा फोटो आला की माणूस केंद्रात हजर पाहिजे आणि कापसाची तपासणी डोळे बांधून झाली पाहिजे. नियम का केला ते नव्या मुलीला मी सांगितलेले नाही.

मध्यंतरी नगरला मीटिंग होती, तेव्हा परतताना केडगावला उतरले. पुणे रस्त्यावरून आत एक गल्ली, तिच्या टोकाला त्यांचे घर. मामा खूप वाळले होते. एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जातात म्हणाले. अश्विनीच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला होता. चट्टे पुसट झाले होते, रोग गेला होता. कागदावर ती बरी झालेली रुग्ण आहे. उजव्या हाताची दोन बोटे मात्र आत वळलेली राहिली आहेत आणि त्या बाजूला तिला अजून काही कळत नाही.

ती चहा टाकायला उठली. मामा मला म्हणाले, “दोन मिन्टं हां, सिस्टर. वेळ झाली.” त्यांनी परातीत पाणी आणि खोबरेलाची वाटी आणून ठेवली. डॉक्टरबाईंनीच शिकवलेले आहे हे. जिथे कळत नाही तो हात रोज पाण्यात भिजवायचा, तेल लावायचे आणि डोळ्यांनी बघायचा. दुखणे सांगणारे कोणी उरलेले नसते, म्हणून दुसऱ्याने बघायचे.

ती माझ्यासमोर येऊन बसली, शेजारणीच्या म्हशीचे काहीतरी मजेशीर सांगू लागली आणि बोलता बोलताच तिने उजवा हात बाजूला बापाकडे दिला. तिने तिकडे पाहिलेही नाही. मामांनी तो परातीतल्या पाण्यात भिजवून खिडकीकडे वळवला. एकेक बोट उचलून, बेचक्या उघडून, तळवा तिरका करून ते बघत होते. करंगळीच्या मागे एक ताजा फोड होता, पाण्याने टरारलेला.

“ह्यो कवाचा?”

तिने बोलणे थांबवून फोडाकडे पाहिले, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावे तसे. “काय की,” ती म्हणाली. “आत्ताच असंल. पातेल्याचा.”

मामांनी फोडाभोवतीचे पाणी टिपले, स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली आणि तो हात तिच्या मांडीवर हळूच ठेवला.

“दुसरा,” ते म्हणाले.

तिने म्हशीची गोष्ट पुढे सुरू केली आणि दुसरा हात त्यांच्याकडे दिला.